सोडलेला कुमैत

दोराची गाठ उलटी होती.

पहिला चहा आभाळाला शिंपडायला मी पळी घेऊन बाहेर आले. पूर्वेला शिंपडला, दक्षिणेला शिंपडला आणि पश्चिमेकडे वळले, तर खुंट्याशी आमचा म्हातारा तांबूस घोडा, कुमैत, उभा. नजर गेली ती सरळ गाठीवर. माझा नवरा पुन्सल लग्नाच्या आधीपासून एकाच तऱ्हेची सुरगाठ मारत आलाय. तिचा मोकळा पदर उजव्या अंगाला पडतो. आज तो डाव्या अंगाला लोंबत होता. आणि आमच्या घरात डावखुरी एकच आहे, माझी सून हांदा. उत्तरेला चहा शिंपडायचा राहूनच गेला.

आत आले तर हांदा चुलीत शेणी घालत बसली होती. गालांवर बाहेरची लाली, बुटांना दव लागलेलं. मी काही बोलले नाही. बोलायचं तर पुरतं धरून बोलावं, अर्धवट धरून बोललं की समोरचं माणूस निसटतं.

आता या घोड्याचं सांगते, म्हणजे मी गाठीवरून एवढी का पेटले ते कळेल.

वसंतात पुन्सलची छाती भरली होती. रात्रभर खोकायचा, सकाळी ओठ निळे. लामा आले, जुनिपरचा धूप जाळला, पोथी वाचली आणि म्हणाले, "पुन्सल, तुझ्या जिवाचं एक जनावर देवाला सोड." पुन्सलनं विचारसुद्धा केला नाही, कुमैताकडे बोट दाखवलं. शिंगरू असताना यानंच त्याला पहिला लगाम घातला होता. घोडा भारी बेरकी. ओठांनी पिठाच्या पिशवीची नाडी सोडून तोंड पांढरं करून यायचा, आणि पुन्सल मारायचा सोडून हसत बसायचा. लामांनी त्याच्या कपाळावर दूध ओतलं, आयाळीत निळी फीत बांधली. त्या दिवसापासून त्याच्यावर खोगीर नाही, त्याला विकणं नाही, सुरी नाही. देवाला सोडलेला घोडा. आणि खरंच, गवत उगवेपर्यंत पुन्सलची छाती मोकळी झाली.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलं ते बसलं. त्याचा श्वास आणि घोड्याचा श्वास एकाच फितीला बांधलाय. घोडा शिंकला तरी हा छातीवर हात ठेवायचा. कळपाबरोबर पाठवला तर म्हातारा घोडा मागं राहील, लांडगे धरतील, म्हणून यानं आमच्या गेरच्या, नमद्याच्या तंबूच्या, पश्चिमेला खुंटा ठोकला आणि कुमैताला दोरावर ठेवलं. गवत तोंडाशी, पाणी तोंडाशी, वर जाड लोकरीच्या नमद्याची झूल. मला लग्नानंतर एवढं कधी कोणी बसवून खाऊ घातलं नाही.

आणि सगळी बडदास्त असताना घोडा लंगडायला लागला.

उन्हाळा सरता सरता पुढचे दोन्ही गुडघे सुजले. सकाळी बघवत नसे. पाय उचलायचा तो वाकायचाच नाही, लाकडाच्या पेटीगत अख्खा वळायचा. उजवा पुढचा पाय नुसता टोकावर टेकवायचा आणि प्रत्येक पावलाला मान खालीवर. पुन्सल ते बघत उभा राहायचा आणि त्याचं तोंड राखेसारखं व्हायचं.

"खिंड कशी चढणार हा?" मी एकदा विचारलं.

"नाही चढला तर मी इथंच राहीन."

"इथं? नदीकाठी? हिवाळ्यात?"

"त्याला सोडून मी जाणार नाही. तू जा हांदाला घेऊन."

आमचं हिवाळी ठाणं तांबड्या खिंडीपलीकडे आहे. तिथं ट्रक जात नाही, उंटांवर घर लादून जायचं असतं. खिंडीवर बर्फ बसायच्या आत पलीकडे गेलं तर गेलं. नदीकाठी राहिलेला खोकलेकरी म्हातारा वसंतात कोणाला सापडला असता? त्याची टोपी सापडली असती. मला घोड्याचं प्रेम होतंच, नाही असं नाही. पण मला माझा म्हातारा खिंडीपलीकडे न्यायचा होता, आणि घोडा चालल्याशिवाय तो हलणार नव्हता.

म्हणून मी कंबर कसली. मीठ आणि मेंढीच्या लेंड्या कढईत भाजायच्या, पिशवीत भरायच्या आणि गुडघ्यांना शेकायचं. शेकून झालं की मेंढीच्या शेपटीची चरबी कोमट करून चोळायची, सांध्याच्या खोबणीत अंगठा घालून, वरून खाली. माझीच बोटं सांध्यांत दुखतात, पण चोळता चोळता दोघांचीही मोकळी व्हायची. जुन्या झुलीचे तुकडे कापून मी गुडघ्यांना पट्टे शिवले. पायाखाली ओल नको म्हणून सुक्या शेणाचा भुगा हातभर पसरला. हांदा पाट्या भरभरून आणायची आणि ओतायची. बोलायची नाही. ही पोर पहिल्यापासून कमी बोलते, आणि कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून अढी आहे. माझा मुलगा दाम्बा दक्षिणेला कोळशाच्या खाणीवर गाडी चालवतो. तो गेल्यापासून ती आणखीच मुकी झाली होती.

मेंढ्यांना टोचायला जनावरांचा डॉक्टर आला तेव्हा मी त्याला घोड्यापाशी नेलं. त्यानं गुडघे दाबले, पाय उचलून वाकवला, कान लावून ऐकलं. "कडकड वाजतंय. सांध्याची गादी झिजलीय. वय झालं."

"वय आम्हाला पण दिसतं. औषध काय?" पुन्सल म्हणाला.

"झिजलेलं भरून येत नाही, आजोबा. पण चालता ठेवता येतो." त्यानं सुरी काढून खुरांची वाढलेली टोकं तासली. "चालत नाही म्हणून खूर वाढतात आणि खूर वाढले म्हणून टाच दुखते. या पुड्या घ्या, कोंड्यात घालून द्या, फार दुखेल त्याच दिवशी. रोज दिलीत तर पोट बिघडेल. आणि मुख्य म्हणजे त्याला हिंडता ठेवा. थोडं थोडं, रोज. उभा राहिला की गंजतो."

"देवाचं जनावर आहे. मी कामाला लावणार नाही."

"काम कोण म्हणतंय? नुसता हिंडवा."

"हिंडवायचा म्हणजे पाठीवर बसायचं. का घोडा हातात धरून पायी चालू? ज्याला घोड्यानं पाडलंय तो तसा चालतो, नाहीतर वेडा."

डॉक्टर हसला आणि आपल्या मोटारसायकलवर बसला. तो दिसेनासा झाल्यावर पुन्सलनं पुडी फोडून जीभ लावली. "कडू आहे. या लोकांचं काही सांगता येत नाही, खाटकाशी मिळालेले असतात." पहिली पुडी त्यानं बोकडाला घातली. बोकड मेला नाही, उलट दिवसभर शेळ्यांना छळत राहिला. मग दुसरी कुमैताला मिळाली.

आणि घोडा सुधारला. पण सुधारला म्हणजे काय, एखाद्या सकाळी बघावं तर पाय सुटलेले, मान स्थिर, खुंट्याभोवती आरामात फिरतोय. दुसऱ्या सकाळी पुन्हा लाकूड. पुडी दिलेली नसतानाही मोकळा, आणि शेक दिलेला असतानाही आखडलेला. याचा मेळ लागेना. पुन्सल म्हणायचा पुडीत काळंबेरं आहे. मी म्हणायचे शेकाचा गुण आहे. आणि मग ती उलटी गाठ दिसली.

त्यानंतर मी रोज बघायला लागले. मोकळ्या पायांची सकाळ, की गाठ डावी. आखडलेल्या पायांची सकाळ, की गाठ उजवी. म्हणजे हांदा त्याला सोडून कुठंतरी नेत होती. घोडा नेऊन माणूस काय करतं? बसतं. देवाच्या घोड्यावर. एकदा मी पाठीवर हात फिरवला तर झुलीखाली केस घामानं चिकटलेले.

कुठं जात असेल? आमच्या मागच्या टेकडीवर फोन लागतो, खाली लागत नाही. नवरा लांब, तरणी बाई, पहाटेची टेकडी. माझं मन कुठं कुठं गेलं ते सांगत नाही. तिनं काढून ठेवलेला अंगरखा मी हुंगला. घोड्याच्या घामाचा वास होता.

हे मी माझ्यापाशी ठेवलं असतं, पण नदीपलीकडचा लुव्सान आला. या माणसाला दुसऱ्याच्या घरातलं वाईट आधी दिसतं. तपकिरीची कुपी पुन्सलच्या हातात दिली, त्याची आपण घेतली, हुंगली, शेळ्यामेंढ्यांची खुशाली विचारली, सगळं रीतसर. मग म्हणाला, "पुन्सल, तुझा देवाचा घोडा बरा आहे ना?"

"बरा आहे."

"असणारच. टेकडी चढतो म्हणजे बराच आहे. परवा उजाडताना मी घोड्या शोधत होतो. टेकडीच्या धारेवर तुझा कुमैत आणि वर तुझी सून."

हांदा त्याच्या वाटीत चहा ओतत होती. वाटी भरली, चहा वरून लुव्सानच्या गुडघ्यावर सांडला तरी तिचा हात थांबला नाही. लुव्सान उठून गुडघा झटकत राहिला.

"मी बसले नव्हते," हांदा म्हणाली.

"मग काय घोडा तुझ्यावर बसला होता?" लुव्सान म्हणाला आणि एकटाच हसला. "आमच्या मुलखात घोड्याशेजारी पायी बाई मी तरी बघितली नाही बाबा. जाऊ दे, मला काय. पण देवाचं आहे, म्हणून बोललो."

तो गेला. पुन्सल बराच वेळ कुपीचं झाकण फिरवत बसला. सून आहे, तिच्यावर ओरडणं त्याला शोभत नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे बघून बोलला. "माझ्या छातीत परवापासून परत घरघर सुरू झालीय. का ते आता कळलं."

"बाबा, मी बसले नाही," हांदा परत म्हणाली.

"मग टेकडीवर काय करत होतीस?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, पुन्सलकडे बघितलं. किटली उचलून बाहेर गेली. गुन्हेगाराचं लक्षण आणखी कसं असतं, असं मला वाटलं.

संध्याकाळी पुन्सलनं पेटीच्या तळातून लोखंडी पायबंद काढला. चोरांची भीती होती त्या काळातला, कुलपाचा. साखळीनं तीन पाय जखडतो. त्यानं तेल घालून कुलूप चालू केलं, कुमैताचे पुढचे दोन आणि मागचा एक पाय त्यात अडकवले, वरून दोराला निरगाठ मारली आणि किल्ली फितीत ओवून गळ्यात घातली. घोड्यानं मान वळवून पायांकडे बघितलं. "आता बघू कोण नेतंय," पुन्सल म्हणाला. मीसुद्धा मान हलवली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पहिल्या सकाळी घोडा आखडलेला होता. दुसऱ्या सकाळी त्यानं पाणी प्यायला मान खाली घातली आणि गुडघे न वाकवता तशीच अर्ध्यावर ठेवली. मी शेक दिला, चरबी चोळली, कोंड्यात पुडी घातली. काही उपयोग नाही. खिंडीच्या माथ्यावर एका रात्रीत पांढरी रेघ उमटली. लुव्सानच्या घरची माणसं नमदे गुंडाळायला लागली. आणि एका सकाळी मी चहा शिंपडायला गेले तर कुमैत आडवा पडलेला.

मी दारात गेले, पुन्सल माझ्या चेहऱ्यावरूनच समजला आणि अनवाणी धावत आला. आधी कुलूप काढलं. किल्ली भोकात जाईना, शेवटी हांदानं ती त्याच्या हातातून घेतली आणि फिरवली. मग आम्ही तिघांनी पोटाखालून नमदा घातला, दोन टोकं त्या दोघांनी धरली आणि मी शेपटीशी. घोडा कण्हला. पुढचे पाय पसरले, घसरले, परत पसरले. पुन्सल खोकत होता, खोकता खोकता ओढत होता. हांदा खांदा घोड्याच्या बरगड्यांखाली घालून माणूस उचलावा तशी उचलत होती. कसाबसा उभा राहिला. पायांवर साखळीचे वळ, केस गेलेले.

पुन्सल तिथंच भुग्यात बसला. "तुम्ही दोघी उंट लादा. मी याच्यापाशी राहतो."

मग माझा तोल गेला. मी हांदाचा दंड धरून तिला गेरमागं नेलं. "बघितलंस काय केलंस ते? नवस तुझ्यामुळं मोडला. घोडा मरेल आणि त्याच्यामागं माझा म्हातारा मरेल. कोणाला फोन करायला जात होतीस सांग. आज सांगितल्याशिवाय तुला सोडायची नाही."

ती दंड सोडवून घेत नव्हती. तिच्या गालाला घोड्याचे केस चिकटले होते. "मी सोडत नव्हते, आई. मी बांधत होते."

"काय?"

"तो स्वतः सोडतो. मी उठते तेव्हा खुंट्याला नुसता दोर असतो. गाठ ओठांनी सोडतो आणि टेकडीवर जातो. मी मागं जाऊन आणते आणि बाबा उठायच्या आत बांधून ठेवते. पायी आणते. त्याच्यावर बसायची माझी हिंमत होईल का?"

"आणि पाठीवरचा घाम?"

"झूल घालून टेकडी चढल्यावर घाम येणारच की."

"मग बोलली का नाहीस? लुव्सानसमोर गप्प का बसलीस?"

"बोलले असते तर बाबांनी त्याला पक्कं बांधलं असतं. हिंडून आला की पाय सुटलेले असतात, मी रोज बघत होते. मला वाटलं, खिंडीपर्यंत असंच चालू दे." तिनं गालावरचे केस पुसले. "आणि मी सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं?"

मानलं नसतं. आताही पुरतं मानलं नव्हतं. घोडा गाठ सोडतो म्हणे. पण मग पिठाची पिशवी आठवली आणि माझा हात तिच्या दंडावरून आपोआप निघाला.

पुन्सलला मी एवढंच म्हटलं, की बेडी आज घालू नका, नुसती तुमची सुरगाठ मारा, राखण मी करते. तो वाद घालायच्या अवस्थेत नव्हता. दिवसभर शेकून, चोळून, पुडी देऊन घोडा जरा पाय टाकायला लागला. ऊन कलल्यावर पुन्सलनं गाठ मारली. मी त्याला शेणींच्या ढिगाआड ओढलं. हांदा आधीच तिथं उकिडवी बसली होती.

"काय चाललंय?" तो म्हणाला.

"गप बसा आणि बघा."

गुडघ्यांना रग लागेपर्यंत आम्ही बसलो. कुमैत आधी उगाच उभा राहिला. मग त्यानं गेरच्या दाराकडे बघितलं. कान पुढे, कान मागे. दारात कोणी नाही अशी खात्री झाल्यावर मान खुंट्यापाशी नेली आणि वरच्या ओठानं गाठ चाचपली, बाई शिवणीत सुई शोधते तशी. पदर दातात धरला, ओढला, सोडला, दुसऱ्या बाजूनं ओढला. दोर खाली पडला. पडल्यावर चोरासारखा तसाच थांबला, परत दाराकडे बघितलं. आणि निघाला. पहिली पावलं अशी होती की मला डोळे मिटावेसे वाटले. मान खालीवर, उजवा पाय टोकावर. पण तो थांबला नाही. दोन तोंडं गवत खायचं, चार पावलं जायचं. ओढ्यापर्यंत गेला तेव्हा मान थोडीच हलत होती. टेकडीच्या पायथ्याशी त्यानं अंग झाडलं, आणि आयाळीतली निळी फीत उडाली.

हांदा उठायला लागली. सवयीनं आणायला निघाली होती. मी तिला खाली बसवलं.

पुन्सलनं गळ्यातली किल्ली मुठीत धरली होती. "मला वाटलं, माझ्या घोड्याला कोणी तरी नेतंय," तो म्हणाला.

"वसंतापासून साऱ्या मुलखाला सांगताय, देवाला सोडला, देवाला सोडला," मी म्हणाले. "सोडला कुठं? लामांनी सोड म्हटलं आणि तुम्ही खुंटा ठोकलात. दोर झाला, बेडी झाली. एक दिवस तरी सोडलात का त्याला?"

त्यानं नाक पुसलं आणि हांदाला म्हणाला, "पोरी, एवढ्या थंडीत रोज टेकडीवर जात होतीस?"

"तो फार लांब जात नाही, बाबा."

त्या रात्री मांसाच्या भांड्यातला चरबीचा मोठा तुकडा, जो कायम पुन्सलच्या वाटीत जातो, तो मी हांदाच्या वाटीत टाकला. तिनं परत माझ्या वाटीत टाकायला बघितला. मी वाटी मागं घेतली. एवढंच झालं. मला माफी मागता येत नाही, माझ्या आईलाही येत नव्हती.

मग आम्ही निघायचं लांबवलं. लुव्सानचा काफिला तयार होता, आमचा नाही. कुमैत सोडलेला होता. संध्याकाळी जायचा, सकाळी कधी खुंट्याशी यायचा, कधी ओढ्यात सापडायचा. साखळीचे वळ सुकले. ज्या दिवशी त्यानं ओढ्याची दरड एका दमात चढली, त्या दिवशी पुन्सल म्हणाला, "घर उतरवा."

खिंडीच्या वाटेवर मी आणि हांदा घोड्यांवर, उंटांची रांग माझ्यामागं, मेंढ्या हांदापुढं. पुन्सलचा बसायचा घोडा मोकळाच मेंढ्यांबरोबर चालला होता. आणि पुन्सल पायी. मी बस म्हटलं तर म्हणाला, "मी बसलो की माझा घोडा त्याच्या चालीनं चालणार नाही. हा मागं पडेल, आणि मागं पडला की उभा राहील." म्हणून तो पुढं पायी आणि कुमैत मागं, दोर नाही, लगाम नाही. पुन्सल थांबला की घोडा थांबायचा. घोडा थांबला की पुन्सल खोकल्याचं निमित्त करून थांबायचा. फार वेळ उभं राहू द्यायचं नाही, म्हणून लगेच निघायचा. आमचे लोक जन्मात कधी एवढं पायी चालत नाहीत. त्याचे बूट चालण्यासाठी शिवलेलेच नव्हते.

अर्ध्या चढावर लुव्सान मागून आला. त्याचा एक उंट हरवला होता म्हणून तो परत खाली फिरला होता. त्याच्याबरोबर आणखी दोघे शेजारी. त्यांनी पुन्सलला पायी बघितलं आणि लगाम खेचले.

"काय रे पुन्सल, घोड्यानं पाडलं का?"

"नाही."

"मग मोकळा घोडा असून पायी? सुनेनं घोडे वाटून घेतले वाटतं." त्या दोघांनी खाली मान घालून हसू लपवलं. "का डोकं फिरलं?"

पुन्सलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला माहीत आहे, हा माणूस दुसऱ्याच्या हसण्याला किती भितो. त्यानं टोपी वर केली, घाम पुसला आणि म्हणाला, "टेकडीवर तू बघितलंस ना, ती माझी सून अशीच चालत होती. पायी, याच्याशेजारी. तुझ्या डोळ्यांनी तिला वर बसवली. आता नीट बघून घे, म्हणजे पुढच्या वेळी चुकणार नाहीस."

लुव्सान हांदाकडे बघायला लागला. हांदा मेंढ्यांकडे बघत होती, पण तिची पाठ ताठ झालेली मला मागून दिसली. लुव्सान कुपी काढायला गेला, मग नको वाटलं असावं, घोडा हाणून पुढं गेला.

माथ्याखालच्या निसरड्यावर कुमैताचे गुडघे थरथरले. पुन्सल मागं आला, दोन्ही हातांनी त्याचा गुडघा चोळला, खांदा त्याच्या छातीला लावला. दोघं तसेच उभे. दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या, एकाची कुठली आणि दुसऱ्याची कुठली कळत नव्हतं. मी उंटाचा दोर धरून बघत राहिले आणि मनात म्हटलं, देवा, दोघं ने नाहीतर दोघं ठेव. मग घोड्यानं पाय उचलला.

ठाण्यावर पोचलो तेव्हा अंधार पडत होता. घर उभं केलं, चूल पेटवली. सवयीनं पुन्सल दोर घेऊन बाहेर गेला. खुंटा ठोकल्याचा आवाज काही आला नाही. थोड्या वेळानं तसाच दोर घेऊन आत आला आणि उशाला ठेवून झोपला.

सकाळी मी पळी घेऊन बाहेर आले. पहाटे बर्फ पडला होता, बोटभर. खुंटा नव्हता, घोडाही नव्हता. चारी दिशांना चहा शिंपडला, एकही राहू दिली नाही, आणि आत आले. पुन्सल दोर मांडीवर घेऊन उठून बसला होता.

"आहे का?"

"नाही."

"कोणी सोड..." तो बोलता बोलता थांबला. हांदा अंगरखा चढवायला लागली होती. "मी बघून येते, बाबा."

"बस. चहा घे," मी म्हणाले.

पुन्सल स्वतःच उठला, बूट घातले आणि दारात उभा राहिला. दारापासून वरच्या कुरणाकडे टापांची रांग गेली होती. उजव्या पुढच्या पायाची टाप बाकीच्यांपेक्षा उथळ उमटलेली. पुन्सल वाकून बघत राहिला, टापांच्या डाव्या बाजूला, मग उजव्या बाजूला. इतक्या वर्षांचा संसार आहे, तो काय शोधतोय ते मला कळत होतं.

"कोणाचं पाऊल बघताय?" मी विचारलं.

तो सरळ झाला. "कोणाचंच नाही," म्हणाला. दोर त्यानं माझ्या हातात दिला आणि चालायला लागला. हांदा चहाची वाटी घेऊन माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. वर कुठंतरी घोडा खिंकाळला, आणि पुन्सलनं खोकून त्याला ओ दिली. बर्फात टापांच्या शेजारी आता त्याची पावलं उमटत चालली होती, फाटक्या बुटांची, जरा लंगडी. मी तो दोर नेऊन उंटांच्या सामानात टाकला आणि चहा परत तापत ठेवला.